टोपीतून बोलणारा म्हाळू

मे महिन्यात माजलगाव धरणाचं पाणी ओसरलं, की बुडालेलं गाव हळूहळू वर येई. आधी देवळाचा चौथरा, मग घरांची जोती. म्हाळू तिथं मेंढ्या चारी आणि बघ्यांना काठीनं दाखवी, "ह्यो पाटलाचा वाडा. हितं तालीम." तो या भागात आला तेव्हा गाव बुडून दहा वर्षं झाली होती. पण विचारलं की उत्तर द्यायचंच, ही त्याची खोड.

त्याची लेक स्वप्नाली कॉलेजात इंग्रजी शिकत होती. त्या दिवशी सकाळी भाकरी बांधताना ती म्हणाली होती, "आप्पा, ठावं नसताना बोलणाऱ्याला इंग्रज काय म्हणतेत? टोपीतून बोलतोय म्हणतेत."

"मग तोंड कशाला हाय त्यांना?"

"नुसती गरम हवा सोडतोय, असंबी म्हणतेत."

"लई नावं ठिवतेत की!" म्हाळूनं फेटा नीट केला होता.

दुपारी पाण्यावर ऊन तरंगत होतं. वरचं गाव खरं की पाण्यात उलटं दिसणारं, कळत नव्हतं. चिखल तुडवत एक बाई आली. तेलगावची सत्यभामा.

"भाऊ, तुमाला समदं गाव ठावं हाय म्हणतेत. त्रिंबक सुताराचं घर कुठं व्हतं? गाव सुटलं तवा मी लहान व्हते. माय आता आज-उद्याची हाय. आंगणातली मूठभर माती आण म्हणती."

म्हाळूची काठी सवयीनं वर गेली. कुठलंही जोतं चाललं असतं. म्हातारी दुसऱ्याच्याच अंगणाची माती हुंगत डोळे मिटेल, एवढंच. फेट्याखाली त्याचं डोकं तापलं. काठी खाली आली.

"बाई, मला म्हाईत न्हाई. आजवर सांगितलं ते समदं मनचं."

ती एकेका जोत्याकडं बघू लागली.

त्यानं विचारलं, "घराचं काई ध्यानात हाय?"

"दारात दगड व्हता. बा त्याच्यावर हत्यारं पाजळायचा. मधी खळगा पडला व्हता."

म्हाळू उठला. मेंढ्यांना हाळी दिली. कळप उताराला लागला आणि एका काळ्या दगडाभोवती दाटला. त्या दगडाच्या खळग्यात तो दर उन्हाळ्यात त्यांना मीठ घालायचा. पाटलाचं घोडं इथं पाणी प्यायचं, असं लोकांना सांगायचा.

सत्यभामा खळग्यावरून हात फिरवत राहिली. चूल इथं, लिंब तिथं, ती सांगत होती. म्हाळू गप ऐकत होता. तिनं मातीसाठी पदर पसरला, तेव्हा एवढंच म्हणाला,

"वरची खारट झाली आसंल. जरा खालची घ्या."