पडवीतले जास्तीचे दिवस

दिनांक : ऑगस्ट २००३. नाव : जया. वय : सत्तावीस. लग्नाला : सात वर्षं. मूल : नाही.

इथवर सगळं बरोबर लिहिलं गेलं.

पाळी :

जुन्नरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं जयाला, उत्तर दिलं सासूनं, लंकाबाईनं.

"पंधरा दिवसाला बसती बाजूला. लई जातं अंगावरनं."

आधीच्या डॉक्टरलाही तिनं हेच सांगितलं होतं. त्यानं रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या. दोन वर्षं.

कुठल्याच कागदावर नसलेलं :

पाळी महिन्याचीच होती. दुखणं मात्र दहा-बारा दिवस आधीच यायचं. ओटीपोटात, कमरेत, पार मांडीपर्यंत. पोट दुखतंय म्हटलं की लंकाबाई म्हणायची, "आमचं न्हाई दुखलं व्हय?" पण बाजूला बसलेल्या बाईला कुणी हाक मारत नसे. पडवीत गोधडी, वेगळं ताट, आणि पाय पोटाशी घेऊन तीन दिवस पडायची मुभा. एकदा भातलावणीत कळ आली तशी जया सरळ पडवीत जाऊन बसली. तपासणार कोण? मग दर महिन्यालाच.

तपासणी :

"पंधरा दिवसांनी एवढं जातं, तर रक्त इतकं चांगलं कसं?" डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. "जया, तुम्ही सांगा."

बोललं तर सासूपुढं लबाड ठरायचं. गप्प बसलं तर पुन्हा त्याच गोळ्या, आणि कूस तशीच.

"महिन्यालाच येती," जया म्हणाली. "एकदा खरी बसते, एकदा खोटी. आत्या, लई दुखायचं वो. पडायला मिळावं म्हनून."

लंकाबाईनं पदराचं टोक चाचपलं.

"म्हंजी इतक्या भाकरी मी उगाच थापल्या?"

"व्हय."

"मला न्हाई गं हे कधी सुचलं," ती हळूच म्हणाली. मग डॉक्टरीणबाईंकडं वळली. "खोडा बाई ते. ती सांगती तसं लिवा."

निदान :

गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेरही वाढलं होतं. दर महिन्याला तिथं सूज, सुजेनं नळ्या चिकटलेल्या. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये जमेल तेवढं काढलं. एक नळी मोकळी निघाली.

"खात्री देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आता आशा धरायला जागा आहे."

पुढं :

दोन महिन्यांनी जरा कळ आली. पूर्वीच्या मानानं काहीच नाही. सवयीनं जया पडवीत गेली, तर गोधडी जाग्यावर नव्हती. ती आत, माजघरात अंथरलेली.

"आज खरी का खोटी?" लंकाबाईनं चुलीपुढूनच विचारलं.

"कंचीच न्हाई. जरा दुखतंय."

"मंग पड की. कारण कशाला पायजे?"

जया आडवी झाली. चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज चालू होता. थोड्या वेळानं तिच्या ध्यानात आलं, आपण पाय पोटाशी घेतलेलेच नाहीत. चांगले लांब सोडलेत.