सगळ्यात लहान दिवसाचं ऊन

मी एक खिडकी बोलतेय. बुकबाइंडरच्या राहत्या दुकानातली, दक्षिणेकडची. दोन झडपा आणि एक सैल कडी, एवढाच माझा संसार. शेजारच्या दाराला माझ्यापेक्षा जास्त मान. पण दारातून माणसं येतात, माझ्यातून सूर्य येतो, म्हणून मी स्वतःला कमी समजत नाही.

मला बसवलं थोरल्या बाइंडरनी. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे घडी घातलेले छापील कागद, शिवता शिवता ते वाचत बसायचे आणि गिऱ्हाइकं खोळंबायची. एकदा कुठल्याशा प्रवासवर्णनाचे फर्मे हातात घेऊन बायकोला म्हणाले, "ऐकलंस? वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री काही लोक शेकोट्या पेटवतात, सूर्याला परतीची वाट दिसावी म्हणून. कुठे दगडांची खोली बांधलीय, त्याच दिवसांत ऊन आतपर्यंत जाईल अशी. आणि सगळ्यात मोठ्या दिवशी काही गावं झोपतच नाहीत, नाचतात."

"नाचा तुम्ही. इकडे खळ उतू चाललीय."

पण त्यांच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून जातो, माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. थंडीत मात्र तो खाली उतरतो आणि सगळ्यात लहान दिवशी माझ्यातून थेट मागच्या भिंतीला जाऊन टेकतो. सगळ्यात अंधाऱ्या दिवसांत ऊन सगळ्यात आत येतं, हे थोरल्यांना फार आवडलं. त्यांनी घरात पद्धतच पाडली. त्या दुपारी काम बंद, सगळ्यांनी उन्हाच्या पट्ट्यात बसायचं, आणि ज्याच्याशी अबोला असेल त्याच्याच शेजारी बसायचं. पट्टा इतका अरुंद की सरकून सरकून सरकणार कुठे!

थोरले गेले, दुकान मुलाकडे आलं. थोरल्यांच्या बायकोचं कमरेचं हाड मोडलं तेव्हा तिची खाट मागच्या भिंतीला लागली. घरातल्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यात ऊन म्हणजे थंडीतले मोजके दिवस, बाकी वर्षभर दिवा.

मग सून आली. कामाला वाघ, पण जिथे तिथे पुस्तकांचे गठ्ठे बघून तिचा जीव कासावीस व्हायचा. ऐन उन्हाळ्यात, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, तिनं मला न्याहाळलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि माझ्यातून साधा कवडसासुद्धा नाही.

"आत्ता येत नाही, तर थंडीत काय येणार?" ती म्हणाली. "बुजवून टाकू आणि गठ्ठे ठेवायला भिंतभर फळ्या मारू."

थंडीतलं ऊन माहीत असूनही, आईनंच सांगावं म्हणून नवरा डोकं खाजवत राहिला. सासूबाई म्हणाल्या, "बुजव. मला कोण विचारतंय?" तेव्हापासून दोघींत अबोला. आणि माझे दिवस भरले.

मला वाचवलं गवंड्याच्या 'उद्या येतो'नं. उद्या उद्या करत तो उगवला तो नेमका सगळ्यात लहान दिवशी. विटा रचल्या, सिमेंट कालवलं. तेवढ्यात दुपार झाली आणि ऊन शिवणयंत्रावरून, कागदाच्या गठ्ठ्यांवरून चालत खाटेवर चढलं. सासूबाईंनी पांघरुणातून दोन्ही हात बाहेर काढून उन्हात ठेवले. मुलानं यंत्र थांबवलं आणि खाटेच्या पायथ्याशी बसला. बायकोला त्यानं जागा दाखवली. जागा उरली होती फक्त सासूबाईंच्या शेजारी.

"मला काम आहे," सून म्हणाली.

सासूबाईंनी पाय आवरून घेतले. कित्येक महिन्यांनी त्या तिच्याशी बोलल्या. "बुजव गं खिडकी. दुकान तुझंच आहे. पण हे ऊन जाईपर्यंत बस."

ती बसली. कागदानं चिरलेली आपली बोटं तिनंही त्या उन्हात ठेवली. मग सासूबाईंचे म्हातारे हात तिनं आपल्या हातात धरले. ते ऊबदार होत होते.

"उन्हाळ्यातच का नाही सांगितलंत?"

"तू खिडकीला विचारलंस, मला नाही. आणि मग मी बोलत नव्हते."

सून हसली, मग डोळे पुसले. "दादा, विटा परत न्या," ती गवंड्याला म्हणाली.

"आणि हे कालवलेलं?"

"बाहेरची पायरी फुटलीय, तिला लावा," सासूबाई म्हणाल्या. "सगळे अडखळतात."

आता फळ्या माझ्या खाली लागल्यात आणि मी आहे तिथेच आहे. कडी सैल आहे, वारा आला की खडखडते, त्यावरून बोलणी खाते. तुम्हाला एवढंच सांगते, घरातली एखादी खिडकी निकामी वाटली तर बुजवण्याआधी एक थंडी थांबा. निदान तिच्या समोरच्या भिंतीशी कोण निजतं, ते बघून घ्या.