बेकरीसमोरची एक गाडी

तीस वर्षं मी बेल्जियममधल्या गेंट शहरात ट्राम चालवली. रुळावर गाडी लावून 'दोन मिनिटांत आलो' म्हणत गायब होणारे महाभाग इतके पाहिले, की मोटार दिसली की माझा हात अजूनही घंटा शोधतो. त्यामुळे उन्हाळ्याचे दोन महिने आमची गल्ली मोटारींना बंद ठेवायची टूम निघाली, तेव्हा समितीची प्रमुख मीच होणार हे उघड होतं.

पालिकेची अट एकच. प्रत्येक घराला, प्रत्येक दुकानाला विचारायचं आणि सगळ्यांचं जमेल असा आराखडा करायचा. मी एकूणएक दार वाजवलं. न्हावी हो म्हणाला, सायकलवाला हो म्हणाला. बिअरच्या गुत्त्याचा मालक तर माझं बोलणं संपायच्या आत रस्त्यात किती टेबलं मावतील ते पावलांनी मोजायला लागला. अडून बसली ती एकटी बेकरीवाली मार्लेन.

"माझी निम्मी गिऱ्हाईकं गाडीनं येतात."

"निम्मी? डोळ्यांत पीठ गेलंय का तुझ्या?"

"तू ट्राम चालव, रोझा. धंदा मला शिकवू नकोस."

"रविवारी मोजूया. पाचापेक्षा जास्त गाड्या निघाल्या तर आराखडा मी स्वतः फाडते. नाहीतर तू मुकाट्यानं सही करायची."

रविवारी सकाळी ताज्या गोल पावांसाठी मार्लेनकडे झुंबड उडते. मी बेकरीच्या खिडकीपाशी पाटी घेऊन बसले. पायी, सायकल, गाडी, असे तीन रकाने. दुपारपर्यंत एकशे चौदा गिऱ्हाईकं झाली. गाड्या दोन.

पहिलीतून उतरले आमच्या समितीचे चिटणीस वानेस गुरुजी. चालण्याचे फायदे सांगणारं आमचं पत्रक यांनीच लिहिलेलं आणि यांचं घर बेकरीपासून दीडशे पावलांवर.

"पाऊस येईलसं वाटलं," ते मला पाहून म्हणाले. आभाळ लख्ख होतं.

दुसरी गाडी फिर्मिनकाकांची. कालव्यापलीकडे राहणारे, चौऱ्याऐंशी वर्षांचे, गुडघा पार कामातून गेलेला. ते दारासमोर थांबले तशी मार्लेन रांग टाकून बाहेर धावली, गाडीच्या खिडकीतून पिशवी दिली आणि निवांत गप्पा मारत उभी राहिली. मागे अडकलेल्या गाड्यांनी हॉर्न वाजवून गल्ली डोक्यावर घेतली.

ती आत आल्यावर मी पाटी नाचवली. "दोन! कर सही."

मार्लेननं एप्रनला हात पुसले.

"निम्मी वगैरे मी उगाच म्हणाले गं. मला त्या एकाच गाडीची काळजी आहे. काकांची बायको, आलिडाकाकू, जाऊन तीन वर्षं झाली, तरी काका अजून दोन पाव नेतात. एक त्यांचा, एक तिचा. आठवड्यात तेवढंच काय ते कुणाशी बोलतात. रस्ता बंद झाला की ते सुपरमार्केटात जातील. तिथं कोण त्यांना नावानं हाक मारणारे?"

मला माझीच लाज वाटली. गल्लीतलं प्रत्येक दार मी वाजवलं होतं. कालव्यापलीकडचं तेवढं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते वाजवलं. आता शिव्या खाव्या लागणार, या तयारीनं सगळं सांगितलं. फिर्मिनकाकांनी टाळीच वाजवली.

"गाड्या बंद? सुटलो बाबा! अगं, चालवताना माझे पाय लटपटतात. गेल्या महिन्यात दोनदा फुटपाथवर चढवली."

"मग येता कशाला?"

"न येऊन कसं चालेल? एक रविवार चुकला तर त्या पोरीला वाटेल, म्हातारा गेला. रांग टाकून धावत येते बिचारी. तिचा जीव कशाला टांगणीला लावू?"

ती पोरगी अठ्ठावन्न वर्षांची आहे.

मार्लेननं सही केली. आराखड्यात एक ओळ वाढली : रविवारी दहा वाजता फिर्मिनकाकांना आणणे, जबाबदारी रोझा.

पहिल्या रविवारी मी लेकीची सायकल घेऊन गेले. सायकलला पुढे लाकडी पेटी आहे, नातवंडांना तीत बसवून शाळेत नेतात.

"पट्टा लावा, काका."

"मी काय तीन वर्षांचा आहे?"

"तीन वर्षांची पोरं एवढी कटकट करत नाहीत."

रस्ताभर मी विनाकारण घंटा वाजवली. फार मजा आली.

बेकरीसमोर, जिथं त्यांची गाडी थांबायची, तिथंच टेबल मांडलं होतं. मार्लेननं कॉफी आणली, लोणी आणलं, दोन पाव आणले. काकांनी एक स्वतःपुढे घेतला आणि दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला.

"तीन वर्षं हा घरी शिळा होतोय," ते म्हणाले. "आज तू खा. बस."

 मार्लेननं एप्रन सोडला आणि ती बसली.

दारातली रांग वाढत वाढत न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली. रांगेच्या शेवटी वानेस गुरुजी उभे होते, चालत आलेले. टेबलाकडे पाहत सगळे ताटकळत होते, पण कुणी मार्लेनला हाक मारली नाही. माझा हात सवयीनं सायकलच्या घंटेवर गेला होता, तो मी मागे घेतला.