पांढरं टेबल

त्या गोदामाला एकही खिडकी नव्हती. उन्हाचं तिथे काही कामच नव्हतं, कारण कप्प्याकप्प्यांवर लटकवलेले एलईडीचे दणकट दिवे तिथेच कप्प्यांत वाढणाऱ्या पालेभाजीला हवा तो उजेड हवा तितका पाजत होते. फक्त हा उजेड जांभळा होता. झाडांना म्हणे तोच मानवतो. माणसांना मानवतो का, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

त्या जांभळ्यात चांगलं पान काळपट दिसायचं आणि पिवळं पडू लागलेलंही तसंच काळपट दिसायचं. म्हणून एका कोपऱ्यात जाड पडदा लावून टेबल मांडलं होतं आणि वर साधा पांढरा दिवा टांगला होता. प्रत्येक ट्रे तिथे न्यायचा, डोळे स्थिरावेपर्यंत थांबायचं, पानाशेजारी पांढरी ताटली धरायची आणि मग बघायचं. घाई केली की फसलाच. जांभळ्यातून एकदम बाहेर आलेल्या डोळ्यांना सगळंच पिवळट दिसतं. भिंत, हात, स्वतःची नखंसुद्धा. नवी माणसं पहिल्या दिवशी हटकून घाबरायची आणि जुनी माणसं त्यांना हटकून हसायची.

या टेबलाच्या मालकिणीला सगळे पानबाई म्हणत. पन्नाशी उलटलेली बाई, गोदामातल्या गारव्यामुळे अंगात कायम एकच स्वेटर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा दूरच्या शहरात, आणि त्याचा फोन म्हणजे ‘जेवलीस का’ आणि ‘ठेवतो आता’ यांच्या मध्ये जे काही मावेल तेवढा. पिवळं पान तिच्या नजरेतून कधी सुटलं नाही. गाडी दारात उभी असली की मॅनेजर गयावया करायचा, आजच्या दिवस डोळेझाक करा म्हणायचा. पानबाई ढिम्म हलायची नाही. ट्रे मनासारखा असला तर मात्र पडद्याबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, “हिरवागार.” लगेच बाहेर शिडीवरून वायरमन तिची नक्कल करायचा, “हिरवागार.”

दिव्यांच्या पाठीवरची धूळ पुसायची, तापलेली पट्टी उतरवून नवी चढवायची, हे त्याचं काम. पानबाईला आयुष्यात बोलायला म्हणून जे माणूस उरलं होतं ते हेच. दुपारी दोघं दोन पालथ्या क्रेटवर डबे उघडून बसत, तेही आतच, दिव्यांखाली, कारण बाहेरच्या जेवणघरात सगळे घोळक्याने बसत आणि या दोघांचा घोळका कुठलाच नव्हता. तोही एकटाच राहायचा. तो तिच्या आधी मागच्या दाराने यायचा आणि ती गेल्यावर जायचा. त्यामुळे इतकी वर्षं रोज शेजारी जेवूनही दोघांनी एकमेकांना साध्या उजेडात पाहिलेलं नव्हतं. हे त्यांच्या कधी लक्षातही आलं नाही.

अलीकडे त्याचं जेवण कमी झालं होतं. डब्यातलं अर्धं तो तिच्या झाकणावर ठेवायचा आणि हात खाजवत बसायचा. दिव्यांची धग बाधली असेल, असं त्याचं म्हणणं. म्हातारे झालात म्हणून सांगा की, असं तिचं म्हणणं. त्यावर तो हसायचा, आणि जांभळ्या उजेडात त्याचं तोंड कायम दिसायचं तसंच दिसायचं.

मग एकदा तिने मनाचा हिय्या केला आणि सुट्टीच्या दिवशी घरी जेवायला या म्हणून सांगितलं. हे वाक्य तिने कितीतरी दिवस तोंडात घोळवलं होतं. येईन की, असं तो सहज म्हणाला. तिने घर झाडून घेतलं, माळ्यावरचं दुसरं ताट काढून घासलं, सकाळपासून स्वयंपाकघरात राबली. दुपार गेली. जिन्यावर पाऊल वाजलं की ती उठायची, आणि पाऊल वरच्या मजल्यावर निघून जायचं. संध्याकाळी तिने एकटीने थोडंसं खाल्लं, बाकीचं झाकून ठेवलं आणि दुसरं ताट परत माळ्यावर टाकलं. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, अंग फार जड होतं, पडूनच राहिलो. ती ट्रे उचलून पडद्याआड निघून गेली. या वयात रुसवाफुगवी शोभत नाही हे तिलाही कळत होतं, पण फुगून बसण्यासाठी तरी दुसरं माणूस कुठे होतं? पुढचे काही दिवस तिने आपला डबा टेबलापाशी पडद्याआड खाल्ला. “हिरवागार” म्हणणंही बंद केलं. बाहेरून तोही गप्प होता.

आणि मग टेबलावरचा पांढरा दिवा गेला. आता बोलावल्यावाचून गत्यंतर नव्हतं. वायरमन शिडी घेऊन पडद्याआत आला, चाचपडत जुना दिवा काढला, नवा बसवला, शिडीवरून उतरला आणि बटण दाबलं. पानबाई समोरच उभी होती.

आधी तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही. सवयीने ती थांबली. डोळे स्थिरावले, भिंत पांढरी झाली, तिचे हात हातांसारखे दिसू लागले. तो मात्र तसाच राहिला.

“वायरमन, हलू नका जरा.”

तिने ताटली उचलून त्याच्या गालाशी धरली. ताटली पांढरी होती. गाल पिवळा होता, आणि डोळे त्याहून पिवळे.

“आरशात बघत नाही का हो तुम्ही?”

“बघतो की. पिवळाच दिसतो,” तो म्हणाला. “घरी गेल्यावर सगळंच पिवळं दिसतं, बाई. नव्या लोकांना तुम्हीच सांगता ना, थोड्या वेळाने जातं म्हणून?”

“आणि गेलं नाही तेव्हा?”

त्याने हातातला जुना दिवा टेबलावर ठेवला. “तेव्हा घरी विचारणार कुणाला?”

त्याच पावली तिने त्याला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, पोटाचे फोटो काढले आणि तिला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही यांच्या कोण? ती म्हणाली, आम्ही एकत्र जेवतो. डॉक्टरांनी मान हलवली आणि सांगितलं की आजार आतवर पसरला आहे, फार उशीर झाला, आता त्रास कमी करणं तेवढं हातात आहे. आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असंही ते म्हणाले. बोलण्याच्या ओघात म्हणाले, पण ते तिच्या काळजात रुतून बसलं. भाजीचं पान न् पान तिने उजेडात नेऊन पाहिलं होतं. शेजारी बसून अर्धा डबा तिला देणाऱ्या माणसाला मात्र नेलं नव्हतं, आणि शेवटचे दिवस तर तिने नुसते रुसण्यात घालवले होते.

आता कामावरून सुटली की ती दवाखान्यात जायची. आधी बाहेरच्या बाकावर बसून डोळे स्थिरावू द्यायची, मग आत. त्याची खाट खिडकीला लागून होती. पहिल्याच दिवशी तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

“हा स्वेटर हिरवा आहे?”

“पहिल्यापासून हिरवाच आहे.”

“मी काळा समजत होतो,” तो म्हणाला. “वाटायचं, ही बाई नवऱ्याच्या दुःखात अजून काळंच घालते, हिला आपण कशाला घरी बोलवायचं.”

तिने त्याचं पांघरूण सारखं केलं, झालेलं असूनही पुन्हा केलं.

दिवसेंदिवस तो उतरत गेला. बोलणं कमी झालं, घास जाईना. एका सुट्टीच्या दुपारी ती आली तेव्हा खिडकीतून लख्ख ऊन थेट त्याच्या तोंडावर आलं होतं. इतका स्वच्छ उजेड तिच्या टेबलालाही कधी मिळाला नव्हता. तिच्या पायरवाने त्याने डोळे उघडले.

“तुमची नजर पक्की,” तो पुटपुटला. “खरं सांगा, कसा दिसतोय?”

पानबाई जवळ सरकली. नेहमीसारखी थांबली, नीट बघितलं. जे दिसायचं ते सगळं दिसलं.

“हिरवागार,” ती म्हणाली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात.

त्याचे ओठ हलले. नक्कल करायची असावी, पण आवाज फुटला नाही. मग तो समाधानाने डोळे मिटून पडून राहिला, आणि ऊन खिडकीतून निघून जाईपर्यंत ती त्याचा हात धरून तिथेच बसली.