डाव्या कानाचे आकडे

"झालं!" असे इंजिनीअरने जाहीर केले, तेव्हा त्याच्या बायकोने टेबलावर आणून ठेवलेल्या चहातून अजून वाफ निघत होती.

बायकोला ते पटले नाही. ती श्रवणतज्ज्ञ होती. माणसे "येतं की ऐकू" म्हणतात, तेव्हा त्यांना नेमके काय ऐकू येत नाही ते शोधून काढणे हा तिचा व्यवसाय. कोणाच्याही 'झालं'वर विसंबण्याची सवय तिला व्यवसायानेच लागू दिली नव्हती.

"एवढ्यात?" तिने विचारले.

"नवीन मशीन आहे. पळतंय."

"इतक्या वर्षांचे पेशंट आहेत त्यात."

"म्हणून काय काठी टेकत टेकत येतील?"

नवरा इंजिनीअर होता हे खरे, पण पुलांचा. मात्र घरात एकदा कोणी इंजिनीअर झाला, की इस्त्रीपासून संगणकापर्यंत वायर असलेली प्रत्येक वस्तू त्याच्या अखत्यारीत येते. त्यालाही ही जहागीर मनापासून आवडत असे. बायकोने कधी शंका काढली, तर "पूल पडलाय का माझा एखादा?" असे तो विचारी, आणि पूल खरोखरच पडलेला नसल्यामुळे वाद तिथेच मिटे.

दवाखाना इमारतीच्या तळमजल्यावर होता, घर वरच्या मजल्यावर. दवाखान्यात बाहेर चार खुर्च्या, आत टेबल आणि त्यापलीकडे कान तपासण्याची खोली. भिंतींना कान असतात म्हणतात. या खोलीच्या भिंतींच्या कानांत जाड राखाडी फोमचे बोळे घातलेले होते. दार लावले की बाहेरचे जग बंद.

आजचा सगळा खटाटोप बाहेरच्या चार खुर्च्यांपैकी एकीवर, पर्स मांडीवर घेऊन, ताठ बसलेल्या व्यक्तीसाठी होता. ती व्यक्ती म्हणजे श्रवणतज्ज्ञाची सासू.

सासूबाईंचा उजवा कान कधीच कामातून गेला होता. जे काही ऐकू येई ते डाव्या कानातल्या यंत्रातून. पंधरवड्यापूर्वी ते यंत्र बंद पडले आणि नेमकी त्याच सुमारास इमारतीच्या रहिवाशांची सभा भरली. जिन्याच्या वळणावर एक लाकडी बाक होता. वर चढताना दम लागणाऱ्यांसाठी तो ठेवायला लावला होता सासूबाईंनीच, आणि तेही दोन वर्षे भांडून. चेअरमनसाहेब त्यांच्या भरघोस मिशांआडून काहीतरी पुटपुटले, आजूबाजूचे हात वर गेले, सासूबाईंनीही हात वर केला. सभा संपल्यावर कळले की बाक हलवण्याचा ठराव मंजूर झाला आहे, आणि तोही एकमताने. म्हणजे त्यांच्याही मताने.

तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हते. आरडाओरडा करून त्यांनी ठरावाचा फेरविचार मागून घेतला होता. ती सभा आज संध्याकाळी होती.

नवे यंत्र सकाळीच आले. जुन्या संगणकाला ते ओळखता येईना, म्हणून नवा संगणक आणावा लागला. आता काम एवढेच होते, की जुन्या संगणकात जपलेले सासूबाईंच्या डाव्या कानाचे आकडे नव्यात आणायचे आणि त्यावरून या यंत्रात भरायचे. कानाची तपासणी काय, अर्ध्या तासात पुन्हा होते. पण कोणता आवाज किती वाढवायचा, नळाची धार किती दाबायची, नातीचा फोनवरचा आवाज किती उचलायचा, हे सारे सुनेने वर्षभर, थोडे थोडे बदलून, विचारून विचारून बसवले होते. असे आकडे सूत्रातून निघत नाहीत. तळहाताच्या फोडासारखी जपलेली फाईल होती ती.

"आण इकडे," ती नवऱ्याला म्हणाली. "मी तपासते."

"तपास बाई. विश्वास ठेवलास तर पगार कापतील तुझा."

नव्या पडद्यावर सगळे फोल्डर ओळीने दिसत होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण होता.

"हा बाण कसला?"

"नव्या मशीनची फॅशन असेल."

फॅशन हा पुरावा नव्हे, एवढे तिला कळत होते. म्हणून तिने दोन्ही पडदे शेजारी शेजारी ठेवले, डोळे मिटून बोट ठेवीत काही पेशंट निवडले आणि दोन्हीकडे उघडून आकडा आकड्याशी ताडून पाहिला. शेवटी सासूबाईंची फाईल उघडली. सगळे तंतोतंत जुळले. इतके जुळले, की तिला नवऱ्याबद्दल किंचित आदरही वाटला.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"लिहून देतेस?"

जुना संगणक दुकानदार बदल्यात घेणार होता आणि त्याचा टेम्पो दाराशी उभा होता. पेशंटांची माहिती परक्याच्या हाती जायला नको म्हणून, नुसते पुसून भागत नाही, वर शून्ये लिहून काढावी लागतात, असा आग्रह तिनेच धरला. नवरा कुरकुरला, टेम्पोवाला दुपारी येतो सांगून गेला. दुपारी तो आला तेव्हा जुन्या संगणकाच्या पोटात शून्याखेरीज काही उरले नव्हते. तो गेला, आणि तिने सासूबाईंना हाताने खूण केली: या आत.

नव्या पडद्यावर तिने सासूबाईंची फाईल उघडली.

'फाईल सापडत नाही.'

तिने दुसरी उघडली. सापडत नाही. तिसरी. मग ती काहीच न उघडता त्या इवल्याशा बाणाकडे पाहत राहिली.

"अरे इंजिनीअर," ती शांतपणे म्हणाली, आणि तिचा तो शांतपणा ओळखून नवरा वरून चपला न घालताच खाली आला.

नव्या संगणकावर आल्या होत्या त्या फायली नव्हत्याच. आले होते ते शॉर्टकट, म्हणजे फायलींकडे जाणाऱ्या नुसत्या वाटा. ओढून आणताना नवऱ्याने चुकीचा पर्याय दाबला होता. जोवर जुना संगणक वायरीच्या दुसऱ्या टोकाला जिवंत होता, तोवर नव्या पडद्यावर दिसणारा प्रत्येक आकडा जुन्याच्याच पोटातून येत होता. तिने ताडून पाहिले आणि ते जुळले. न जुळून जातात कुठे? एकाच साक्षीदाराला तिने दोन दारांनी आत बोलावले होते आणि दोन साक्षी मिळाल्या म्हणून निकाल दिला होता. ताडण्याआधी मधली वायर उपटायची, एवढे साधे तिला सुचले नव्हते.

"तू तर तपासलंस!" नवरा म्हणाला.

"तू तर 'झालं' म्हणालास!"

"मी नेहमीच म्हणतो! तू तपासतेस म्हणून तर म्हणतो!"

तिने दुकानदाराला फोन लावला. पुसलेले काही परत मिळवता येते का? दुकानदाराने थोड्या वेळाने उलट फोन केला. त्याच्या आवाजात कौतुक होते.

"नाही हो मॅडम. फार छान पुसलंय तुम्ही. लोक इतकं मनापासून पुसत नाहीत."

बाकीच्या पेशंटांचे आकडे त्यांच्या त्यांच्या यंत्रांत होते. ते भेटीला आले की वाचून घेता येणार होते. मेलेले यंत्र एकच होते, आणि त्याची मालकीण पर्स घेऊन समोर बसली होती.

"काय गं, काय झालं? दोघांचे चेहरे पडलेत," सासूबाई म्हणाल्या. यंत्राशिवाय त्या बोलत, तेव्हा रस्त्यापलीकडच्यालाही ऐकू जाई.

सुनेने पाटीवर लिहून दाखवले: आकडे गेले.

"कुठे गेले?"

या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर 'शून्यात' असे होते. ते तिने लिहिले नाही.

दुपार अर्धी उलटली होती. तिने सासूबाईंना आतल्या खोलीत बसवले, कान नव्याने तपासला आणि सूत्राने दिलेले आकडे नव्या यंत्रात भरले. मग वर्षभर करत आली तसे तिने समोर स्टूल ओढले, वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"आता बरं वाटतंय ना, आई?"

"नाही."

सून दचकली. या खुर्चीत हा शब्द तिने प्रथमच ऐकला होता.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. डोक्यात कोणीतरी पत्रा कापतंय. आणि खरं सांगू? आधीच्यानेही कापायचं."

"आधीच्याने? तुम्ही तर 'छान' म्हणायचात! दर वेळी!"

"मग काय म्हणणार? तू अशी समोर तोंडाशी येऊन बसायचीस आणि विचारायचीस, बरं वाटतंय ना? त्या 'ना'ला नाही म्हणायला छाती लागते, बाई."

"वर्षभर?"

"दिवसभर लोकांचे कान बघून तू दमलेली, वर आणि माझा. म्हटलं, कशाला बिचारीला..."

"मी बिचारी नाहीये! मला खरं हवं होतं!"

"आवाज चढवू नकोस. त्यानेही पत्रा कापतो."

"आणि स्वयंपाकघरात? तिथे तर तुम्ही मजेत असायचात."

"तिथे मी ते काढून रुमालाखाली ठेवायचे. भांडी संपली की परत घालायचे."

 सकाळपासून ज्या आकड्यांसाठी सुनेने जीव टांगणीला लावला होता, ते सासूबाईंच्या कानाचे नव्हतेच. ते तिच्या स्वतःच्या चेहऱ्याचे होते. कान तपासताना पेशंटला कळ दाबणारा आपला हात दिसता कामा नये, हे ती शिकाऊ मुलींना पहिल्याच दिवशी दटावून सांगत असे. आणि घरच्या माणसापुढे चेहरा घेऊन बसली होती.

"सांगायचं होतंत," ती म्हणाली.

"विचारायचं होतंस."

 मग सून उठली. तिने सासूबाईंची खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली.

"ही काय शिक्षा?"

"माझ्याकडे बघायचं नाही. बरं-वाईट काही विचारणार नाही मी. फक्त सांगायचं, काय ऐकू येतंय आणि कसं."

"शिव्या दिल्या तर चालतील?"

"द्या. शिव्या खऱ्या असतात."

वरून ताटे, वाट्या, चमचे मागवले गेले. अपराधी नवऱ्याने ते निमूट आणले आणि हुकूम होताच आपटले. सासूबाईंनी त्याला गाढव म्हटले. सुनेने वरच्या पट्टीचे आवाज खाली आणले. त्यांनी नुसते "अरे, हळू" म्हटले, तेव्हा ती थांबली. नळासाठी बादलीत पाणी ओतले गेले. "आता पाणी पाण्यासारखं वाटतंय," असा निर्वाळा भिंतीकडून आला. वर्षभरात गोडीगुलाबीने जे जमले नव्हते ते भांडणात भराभर पुढे सरकू लागले, कारण दोघींपैकी कोणालाही दुसरीचे मन राखण्याइतका धीर उरला नव्हता.

"आता चेअरमन," सून म्हणाली.

"तो कुठून आणणार?"

तिने नवऱ्याच्या हातात कपड्यांचा ब्रश दिला. तो नाकाखाली धरून, दारात उभे राहून, मान खाली घालून पुटपुटायचे होते.

"हा माझ्या इंजिनीअरिंगचा अपमान आहे."

"पूल पडलाय का कोणाचा? बोल."

तो बोलला. सासूबाईंना निम्मे कळले. सून पडद्यावर रेघ किंचित उचली, तो पुन्हा बोले. घसा सुकेपर्यंत त्याने बाक हलवण्याचा ठराव मांडला. अखेर भिंतीकडून आवाज आला:

"'सदर बाकामुळे येण्याजाण्यास अडथळा होतो' म्हणतोय मेला. अडथळा याच्या पोटाचा होतो."

सुनेने आकडे जतन केले आणि यंत्र त्यांच्या कानात नीट बसवले. "बरं वाट..." हे शब्द ओठांवर आले होते, ते तिने गिळले.

सभेत ती मागच्या रांगेत बसली. अपेक्षा ठेवू नये, हे तिने स्वतःला बजावले होते. एका दुपारच्या चाचणीवरून कोणताही निष्कर्ष निघत नाही. चेअरमनसाहेबांनी कागद वर-खाली केले, शेजारच्या खजिनदाराकडे झुकले आणि मिशांतल्या मिशांत काहीतरी म्हणाले. मागच्या रांगेत सुनेच्या धडधाकट कानांनाही ते कळले नाही.

"ऐकू येतंय म्हातारीला," सासूबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या. "पुढचा नको, बाकाचाच विषय घ्या."

सभागृह हसले. चेअरमनसाहेबांचे कान लाल झाले. "काकू, तसं नव्हतं म्हणायचं," असे ते म्हणाले, आणि या वेळी अगदी स्वच्छ म्हणाले. चर्चा झाली. अडथळ्याचा मुद्दा आला, त्यावर सासूबाईंनी पोटाचे उत्तर दिले. मतदान झाले तेव्हा त्यांनी आधी प्रश्न पूर्ण ऐकला, मग हात वर केला. बाक थोडक्या मतांनी राहिला, तोही भिंतीकडे वीतभर सरकवण्याच्या अटीवर.

वर जाताना सासूबाई त्या बाकावर टेकल्या. सून शेजारी बसली.

"काय ऐकू येतंय, आई?"

सासूबाईंनी डावा कान जिन्याकडे केला. खाली दवाखान्यात इंजिनीअर वायर जोडून स्वतःच्या लॅपटॉपवर नव्या आकड्यांची दुसरी प्रत करत होता. खुर्ची कुरकुरली, एक कळ दाबली गेली.

"'झालं' म्हणतोय," त्या म्हणाल्या.

"ऐकलं मी," सून म्हणाली, आणि उठून आधी वायर उपटायला खाली गेली.