दोन मुठींची करवत

सकाळी सात वाजता निवृत्तीनं करवतीची एक मूठ बायकोच्या हाती दिली. सव्वासात वाजता तिनं ती टाकून दिली.

"माह्या खांद्यातून हात निखळून राह्यला," वच्छलाबाई म्हणाली आणि बांधावरच्या निंबाखाली जाऊन बसली. "तुमी करवत नाही, मलेच ओढून राह्यले."

करवत बाभळीच्या खोडात दोन बोटं शिरून थांबली होती. ही बाभूळ गेल्या पावसाळ्याच्या वादळात पडली होती आणि उन्हात वाळून लोखंड झाली होती. फांद्या कुऱ्हाडीनं कधीच सरल्या. उरलं ते खोड. त्यावर कुऱ्हाड घातली की ती माघारी उडायची. या खोडाची लाकडं झाल्याशिवाय अन्नपूर्णाच्या लग्नाचा स्वयंपाक शिजणार नव्हता. अन्नपूर्णा म्हणजे या दोघांची एकुलती लेक.

उद्या सकाळी दारात मुहूर्तमेढ होती. मांडवाची पहिली मेढ घरातल्या थोरल्यानं रोवायची, ही रीत. थोरला म्हणजे कडूबा, निवृत्तीचा सख्खा भाऊ. तो बांधापलीकडेच वखर हाकत होता आणि निवृत्तीशी त्याचं तीन पोळे बोलणं नव्हतं.

पोळे मोजायचं कारण भांडण पोळ्यालाच झालं होतं. तोरणाखालून बैल न्यायचे ते थोरलेपणानं. आधी थोरल्याची जोडी, मग धाकट्याची. त्या वर्षी निवृत्तीचा मोऱ्या बँडच्या आवाजानं बिथरला, कडूबाच्या जोडीला शिंग मारून पुढे घुसला आणि अख्खं तोरण गळ्यात घेऊन मारुतीपर्यंत गेला. गाव पोट धरून हसलं. कडूबा हसला नाही.

"बैलाले थोरला-धाकला कळते का?" निवृत्ती म्हणाला होता.

"बैलाले नाही कळत. मालकाले तं कळते!" कडूबा म्हणाला होता. तेवढ्यावर बोलणं थांबलं.

पण वावरं शेजारी, विहीर सामाईक. बोलल्याशिवाय भागत नव्हतं. मग दोघं बैलांना सांगू लागले. "मोऱ्या, आज मोट आमची आहे," असं निवृत्ती मोठ्यानं म्हणायचा, आणि पलीकडून कडूबा आपल्या ढवळ्याला, "हाव बाप्पा, पन दुपारून आमची," असं सुनवायचा. कडूबाची बायको झुंबरबाई म्हणायची, ही रीत त्यांनी वच्छलाबाईकडूनच उचलली. वच्छलाबाई भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, कधी तोंड उघडायची नाही. पदर ओढून भिंतीला सांगायची, नाही तर मांजराला. या दोघी जावा मात्र विहिरीवर रोज बोलायच्या, भरपूर बोलायच्या, आणि घरी येऊन मुक्या व्हायच्या.

निवृत्तीनं गावभर सांगून ठेवलं होतं, मेढ मीच रोवणार. वच्छलाबाईला ते खपत नव्हतं. "धाकल्यानं मेढ रोवली तं सोयरे इचारतीन, थोरला मेला का? पोरीले जलमभर आयकावं लागन," ती म्हणायची. निवृत्ती ऐकायचा नाही. मग तिनं म्हणणं सोडून दिलं. ती गप्प झाली तेव्हाच त्यानं सावध व्हायला पाहिजे होतं.

करवत आली ती कालच, मलकापूरहून. बाजाराचा दिवस होता. पहाटे गाडी जुंपून दोघं गेले. कापसाच्या जिनाजवळच्या लोखंडी सामानाच्या दुकानात किसनराव दुकानदारानं तीन करवती पुढे मांडल्या. एक लहान, एका हाताची. दुसरी माणसाच्या उंचीची, दोन टोकांना दोन लाकडी मुठींची. तिसरी पेट्रोलवर चालणारी. सायकलच्या साखळीला दात फुटावेत तशी तिची साखळी होती. जंगलाच्या एका ठेकेदारानं ती मागवली होती आणि तो न्यायला आला नव्हता.

निवृत्तीची नजर तिसरीवर बसली ती हलेना.

"हिले किती मानसं लागतात?"

"एक. तेबी हुबं राहाले," किसनराव म्हणाला.

"दुसरं मानूस लागतच नाही?"

"दुसऱ्यानं दूर राहावं, हेच चांगलं."

निवृत्तीला हवं होतं ते हेच. कोणाचा हात नको, कोणाला हाक नको. वच्छलाबाई म्हणाली, "घरात कंदिलाले राकेल पुरत नाही, आन हिले पेट्रोल कोन पाजन?"

"तू गप व. किसनराव, चालू करून दाखवा."

किसनरावानं दोरी ओढली. यंत्र खोकलं. पुन्हा ओढली, पुन्हा खोकलं. बघ्यांपैकी एकजण म्हणाला, "बुढ्याले काढा पाजा!" किसनरावाला राग आला. त्यानं पाय रोवून दोरीला असा हिसका दिला, की यंत्र एकदम डरकाळी फोडून उठलं. दुकानातली घमेली खणखणली. आणि दारात जुंपून उभा केलेला मोऱ्या, ज्याला बँडसुद्धा सोसला नव्हता, जोडीदाराला आणि रिकाम्या गाडीला घेऊन बाजारात घुसला.

निवृत्ती धोतर सावरत मागे धावला. टोपल्या उलटल्या, मिरच्या उधळल्या, एका कासारणीनं दिलेल्या शिव्या अख्ख्या ओळीला पाठ झाल्या. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एका माणसानं आडवं होऊन मोऱ्याची वेसण धरली. तो कडूबा होता. झुंबरबाईनं त्याला नेमकं कालच तेलाला पाठवलं होतं.

धापा टाकत निवृत्ती समोर आला. कडूबानं त्याच्याकडे पाहिलं नाही. मोऱ्याच्या कपाळावर थाप मारून म्हणाला, "काऊन बे, अजून पुढंच घुसते का? आता तं तोरनबी नाही!" कासरा चाकाला गुंडाळला आणि तेलाची बरणी घेऊन निघून गेला.

निवृत्ती गाडी घेऊन दुकानाशी परतला, तेव्हा वच्छलाबाई गोणपाटात गुंडाळलेली लांबलचक वस्तू घेऊन पायरीवर बसली होती. निवड झाली होती.

"हे काय घेतलं?"

"दोन मुठीची."

"लहान काऊन नाही घेतली?"

"ते खोडाच्या अर्ध्यातच बुडते. इचारा किसनरावले."

"आन हिची दुसरी मूठ कोन धरन?"

"मी हाओ ना," वच्छलाबाई म्हणाली.

ती किती होती, हे आज सव्वासातला कळलं.

निवृत्तीनं मग एकट्यानं प्रयत्न केला. एका बाजूनं ओढायचा, फिरून जाऊन दुसऱ्या बाजूनं ओढायचा. पातं लवलवायचं, चिरेतून उसळायचं आणि कुईं-कुईं करायचं. वखर फिरवायला बांधाजवळ आलेला कडूबा थांबला.

"पाह्य रे ढवळ्या," तो म्हणाला, "लोकं करवत आनतात आन सनईसारखी वाजवतात."

निवृत्तीनं कडब्यावर तोंड टाकलेल्या मोऱ्याला सांगितलं, "मोऱ्या, लोकाईले म्हन, आपला वखर पाहा. फास वर आली हाय."

कडूबानं खाली पाहिलं. फास, म्हणजे वखराचं लोखंडी पातं, खरंच मातीवर आली होती. पण तो जागचा हलला नाही. करवत पुन्हा रडली. तिसऱ्यांदा रडली तेव्हा निंबाखालून वच्छलाबाईनं पदर पुढे ओढला आणि ती मोऱ्याला म्हणाली, "मोऱ्या, माय बाप्पा, थोरल्या घरी सांगजो, अन्नपूर्णाचं वऱ्हाड कच्च्या वरनावर बसन. सोयरे काही एका भावाचं नाव घेनार नाही. घरान्याचं घेतीन."

कडूबानं वखर सोडला. बांध ओलांडून आला आणि मोऱ्यासमोर उभा राहिला.

"सांग तुह्या मालकाले, मूठ धरून राह्यलो ते पोरीसाठी. करवतीसाठी नाही."

"सांग मोऱ्या, आमी बी बोलावलं नाही," निवृत्ती म्हणाला आणि त्यानं आपली मूठ घट्ट धरली.

दोन मुठींच्या करवतीचा नियम एकच आहे. ओढायचं, ढकलायचं नाही. समोरचा ओढतो तेव्हा आपण हात सैल सोडायचा. लहानपणी बापाच्या हाताखाली दोघं हेच शिकले होते. चार ओढींत पातं सरळ झालं. रडणं थांबलं, खर्रर खर्रर असा पोटातला आवाज सुरू झाला आणि तांबडा भुसा दोघांच्या पायांवर सारखा पडू लागला. वच्छलाबाईनं भाकरीचं फडकं सोडलं आणि मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

अर्धं खोड चिरलं. तिथं निवृत्तीला वाटलं, भाऊ दमला. त्यानं ओढ वाढवली. कडूबाला वाटलं, हा मला दमवून राह्यला. त्यानंही वाढवली. खर्ररचं खट्खट् झालं, कोणी तरी हात सैल सोडायचा विसरला, पातं वाकलं आणि खोड मध्ये दबून त्यानं करवत दातात धरली.

"ढकलू नको बे निवृत्त्या!"

"म्या कुठी ढकललं? तूच ढकललं!"

मोऱ्याचं चघळणं थांबलं. या दोन वाक्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. तीन पोळ्यांत पहिल्यांदाच.

भावांच्या ते लक्षातही आलं नाही. ते मोकळेपणानं भांडत होते.

"तुही जातच पुढं घुसाची! तुह्या बैलानं गावासमोर तोरन तोडलं!"

"बैलाले थोरला-धाकला कळते का?"

"बैलाले नाही कळत. मालकाले तं कळते!"

इथपर्यंतचं दोघांना पाठ होतं. पुढचं कोणालाच माहीत नव्हतं. मग कडूबा म्हणाला, "आन उद्या मेढ रोवनार म्हने तू. गावभर सांगत फिरला."

"गावाले सांगलं," निवृत्ती म्हणाला. "तुले सांगलं का?"

कडूबानं एक दगड उचलला. त्यानं आपल्या बाजूच्या मुठीची पाचर ठोकून काढली, मूठ पात्यातून सुटी केली आणि उपरण्यात बांधून घेतली.

"ते मूठ कुठी नेऊन राह्यला?" निवृत्ती ओरडला.

"माही हाये. म्या धरली होती," असं म्हणून कडूबा बांध ओलांडून गेला.

वच्छलाबाईनं भाकरी पुन्हा बांधली. तिसरी भाकर आणली होती ती तशीच राहिली.

रात्र गेली. आज मेढीचा दिवस. अंगणात खड्डा खणून झाला आहे. त्यात हळदकुंकू पडलं, सुपारी पडली. आंब्याचा डहाळा बांधलेली मेढ भिंतीला टेकवली आहे. वेळ नऊची आहे. निवृत्तीनं धुतलेलं धोतर नेसलं आहे, पण मेढीला अजून हात लावलेला नाही. कोणी विचारलं तर ऊन पाहतो म्हणतो आणि गल्लीच्या तोंडाकडे पाहतो. करवत वावरात बाभळीतच आहे, एका मुठीची.

थोड्या वेळापूर्वी झुंबरबाई मागच्या दारानं आली होती. हळद मागायला, असं सांगून.

"काय करून राह्यले थोरले?" वच्छलाबाईनं विचारलं.

"उजाडल्यापासून त्या मुठीले तेल चोळून राह्यले."

"धोतर कोनतं नेसले?"

"नवं मांगलं. आन मंग वखराची फासबी मांगली. दोन्ही ओट्यावर ठेवलं हाये."

"पन म्हनतात काय?"

"मले कायले म्हनतीन? ढवळ्याले म्हनले, 'वावरात जाचं का मांडवात, तूच सांग बे.'"

"मंग?"

"ढवळ्या बसला होता," झुंबरबाई हळद न घेताच वळत म्हणाली, "तो उठला, मांडवाकडं तोंड करून."