पुन्हा लिहिलेलं विष

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘भिंग’ म्हणत, आणि तिची त्याला हरकत नव्हती. तिचं कामच तसं होतं. बुरशीचा जीनोम, म्हणजे तिची सगळी आनुवंशिक माहिती, यंत्र वाचून देई. त्या अक्षरांच्या लांबच लांब माळेतून जनुकं शोधून त्यांना नावं देण्याचं काम संगणकाचा एक प्रोग्रॅम करी. पण प्रोग्रॅम चेहरेपट्टी पाहून नाव देतो. एखाद्या विषारी बुरशीतल्या जनुकासारखं काही दिसलं, की तेच नाव इथेही चिकटवून मोकळा होतो. ते नाव खरं की खोटं, हे शेवटी माणसालाच बघावं लागतं. ते माणूस म्हणजे भिंग.

ही बुरशी म्हणजे करड्या रंगाची, पंख्यासारखी उमलणारी अळंबी. ती भिंगच्या मावशीकडची होती. घराच्या मागच्या चार खोल्यांत पेंढा भरलेल्या पिशव्या टांगून मावशी ती वीस वर्षं पिकवत आली होती. तिच्याकडून बियाणं नेऊन आणखी तीसेक घरांनी ती लावली होती. इतर अळंब्या माना टाकतात अशा उकाड्यातही ही जोमानं येई, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुखांना तिचा जीनोम हवा होता. टोपली घेऊन आली ती भिंगच.

“तुम्ही हिचं करणार काय?” मावशीनं तेव्हा विचारलं होतं.

“वाचणार.”

“वाचा बापडे. मला तर नुसतं बघून कळतं तिला काय हवं ते.”

जीनोममध्ये अकरा हजार जनुकं निघाली. भिंग दोन वर्षं त्यांच्यावर बसली. त्यातलं एक होतं सात हजार एकशे बेचाळीसावं. प्रोग्रॅमनं त्याला नाव दिलं होतं, ‘यकृतविष तयार करणारे जनुक’. आदल्याच रविवारी तिनं मावशीकडे तीच अळंबी ताटभर खाल्ली होती. मग ती त्या एका जनुकावर नऊ दिवस बसली. जनुकाच्या ऐन मध्यात एक अक्षर बदललेलं होतं आणि त्यामुळे ‘इथे थांबा’ अशी खूण भलत्याच जागी आली होती. म्हणजे त्यातून विष काय, काहीच धड तयार होणं शक्य नव्हतं. तिनं अळंबीतला आरएनएही तपासला. पेशी जे जनुक वापरते त्याच्या नकला आरएनएत सापडतात, याची एकही सापडली नाही. कधीकाळी मोडून पडलेलं, नुसतं सांगाडा उरलेलं जनुक होतं ते. तिनं नाव खोडलं, ‘मोडलेले, निष्क्रिय’ असं लिहिलं, खाली पुरावे जोडले, आणि पुढच्या जनुकाकडे वळली.

जीनोम जाहीर झाला तेव्हा प्रमुखांनी सगळ्यांना पेढ्यांऐवजी केक खिलवला. भिंगच्या वाट्याला कोपऱ्यातला तुकडा आला. तिला त्याचं काही वाटलं नाही.

दोन महिन्यांनी दुपारी मावशीचा फोन आला. तिचा आवाज अगदी सपाट होता.

“करडी अळंबी कोण लावतं ते विचारत अन्नतपासणीची माणसं आली होती. पिशव्या घेऊन गेली. चारही खोल्या रिकाम्या केल्या, भिंतींवर औषध फवारलं. बियाणं नेलेल्या तीसेक घरांतही तेच. म्हणतात, अळंबीत विष आहे.”

“कोण म्हणतं?”

“कागद दाखवला त्यांनी. तुमच्याच संस्थेचं नाव होतं गं त्याच्यावर.”

भिंगनं फोन कानाला तसाच धरून जगभरच्या जीनोमांची ती सार्वजनिक नोंदवही उघडली. सात हजार एकशे बेचाळीस: ‘यकृतविष तयार करणारे जनुक’. तिनं आणखी दहा जनुकं पाहिली, मग पन्नास. तिच्या हातची एकही दुरुस्ती तिथे नव्हती. दोन वर्षांचं काम बाजूला ठेवून प्रोग्रॅमची कच्ची यादी जशीच्या तशी चढवलेली होती. नमुना कुणी दिला, या रकान्यात लिहिलं होतं: ‘अज्ञात’.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली आणि दार न वाजवताच प्रमुखांच्या खोलीत शिरली.

“सर, माझी यादी कुठे गेली?”

प्रमुखांनी चष्मा काढला. “अगं, तुझी फाइल नोंदवहीच्या ठरावीक साच्यात बसत नव्हती. चुका दाखवत होती. त्या निस्तरायला तीन आठवडे लागले असते. अशाच अळंबीवर काम करणारी दुसरी प्रयोगशाळा आपल्या पुढे निघून गेली असती.”

“म्हणून मी खोडलेलं विष तुम्ही परत लिहिलंत?”

“प्राथमिक यादी आहे ती. सगळ्यांना माहीत असतं की अशा याद्यांत चुका असतात.”

“अन्नतपासणीवाल्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तीस घरांतली अळंबी उचलून नेली.”

प्रमुखांनी चष्मा परत चढवला. “वाईट झालं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. सहा महिन्यांत.”

“आज करा. एक ओळ आहे.”

“आज एक ओळ बदलली तर बाकीच्या अकरा हजारांवर लोक बोट ठेवतील. आपला शोधनिबंध छपाईला गेलाय. जरा व्यवहार बघ.”

ती बाहेर आली आणि तिनं नोंदवहीच्या कार्यालयाला स्वतःच पत्र पाठवलं, पुराव्यांसकट. उत्तर तासाभरात आलं. भाषा गोड होती: नोंद फक्त मूळ सादरकर्त्यालाच बदलता येते. आणि सादरकर्ते म्हणून नाव होतं एकट्या प्रमुखांचं. दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून काम करणाऱ्या बाईला त्यातलं एक अक्षर बदलायचा अधिकार नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि कागदांचा गठ्ठा घेऊन अन्नतपासणीच्या कार्यालयात गेली. तिथल्या अधिकारी बाई पन्नाशीच्या होत्या. टेबलावर कपभर थंड झालेला चहा, खिडकीत फायलींची चळत. त्यांनी तिला बसायला सांगितलं.

“संस्थेच्या वतीनं आलात?”

“नाही. माझ्या वतीनं.”

“हे तर तुमच्याच संस्थेनं लिहिलंय.”

“हो. मी ते खोडलं होतं. हे पाहा, तारीख. नंतर ते परत लिहिलं गेलं.” तिनं कागद पुढे सरकवला आणि थांबण्याची खूण कुठे आहे त्यावर बोट ठेवलं. बाईंनी तीन प्रश्न विचारले, तिन्ही नेमके. शेवटी जप्तीच्या यादीवर नजर टाकून चौथा विचारला.

“ज्यांच्या खोल्यांपासून आम्ही सुरुवात केली, त्या तुमच्या कुणी लागतात?”

“माझी मावशी.”

बाई खुर्चीत मागे रेलल्या.

“म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका,” भिंग म्हणाली. “जप्त केलेल्या अळंबीची रासायनिक तपासणी करा. विष असेल तर सापडेल. तुम्ही अळंबी तपासलीच नाही, बाई. तुम्ही एक नाव वाचलंत.”

बाईंना ते लागलं, हे दिसलं. पण त्यांनी सारवासारव केली नाही. त्यांनी तिथल्या तिथे तपासणीचा आदेश लिहिला.

निकालाला पाच आठवडे लागले. विषाचा मागमूसही नव्हता. बंदी उठली, आणि मग मात्र प्रमुखांनी ती ओळ एका दुपारी बदलली. पण तोवर त्या तीस घरांपैकी बारा घरांनी अळंबी कायमची सोडली होती. मावशीच्या गिऱ्हाइकांनी दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली होती. एका शेजारणीनं तर कुंपणावरून विचारलं होतं, “इतकी वर्षं काय खाऊ घातलंत आम्हाला?” मावशी दोन दिवस जेवली नव्हती.

पुढच्या महिन्यात संस्थेच्या सभागृहात प्रमुखांचं व्याख्यान झालं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: ‘आमच्या दक्षतेमुळे चुकीची नोंद वेळीच दुरुस्त’. भिंग तिसऱ्या रांगेत बसली होती. प्रश्नांची वेळ आली तेव्हा ती उभी राहिली.

“मला प्रश्न नाही, दोन तारखा सांगायच्या आहेत,” ती म्हणाली. आपण नोंद खोडली तो दिवस तिनं सांगितला, आणि ती पुन्हा चढवली गेली तो दिवस. “यात दक्षता कुणाची आणि घाई कुणाची, ते तुम्ही ठरवा. आणि नमुना अज्ञात माणसानं दिलेला नाही. तो माझ्या मावशीनं दिला. तिला तुमच्यापैकी कुणी अजून फोनसुद्धा केलेला नाही.”

प्रमुख म्हणाले, “आपण यावर नंतर बोलू.” ते नंतर कधी बोलले नाहीत. भिंगचा करार मात्र वर्षअखेरीला वाढवला गेला नाही. कारण दिलं, प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आहे.

करार संपला त्या संध्याकाळी ती मावशीकडे गेली. चारपैकी एका खोलीत पुन्हा पिशव्या टांगलेल्या होत्या. मावशीची सगळी अळंबी जप्तीत आणि फवारणीत गेली होती, पण बियाणं नेलेल्या एका घरी थोडी लपून राहिली होती, तिथून तिनं ती परत आणली होती. पेंढ्यातून बारीक करडे कोंब डोकावत होते.

“आता पुढे काय करशील?” मावशीनं विचारलं.

“त्या अधिकारी बाईंना माणूस हवंय. अर्ज केलाय.”

“आणि राग?”

“तो आहे.”

मावशीनं मान हलवली, पाण्याचा फवारा तिच्या हातात दिला आणि वरच्या रांगेकडे बोट दाखवलं. “तिथे माझा हात पोचत नाही,” ती म्हणाली.